दोनच मिनिटं घेतो

"दोनच मिनिटं घेतो," असं म्हणून तो माईकपुढं दोन बोटं धरायचा आणि आम्ही मांडी बदलून नीट बसायचो. अर्ध्या तासाची बेगमी.

तुम्ही आमच्या जुन्नर-आंबेगावकडं कुणाच्या दहाव्याला आला असाल तर तुम्हाला सांगायला नको. नदीच्या घाटावर दशक्रिया, महाराजांचं प्रवचन, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. हा आमचा निवडून दिलेला माणूस. डिंगोऱ्यापासून आण्याच्या पठारापर्यंत एक दहावा चुकवायचा नाही. दिवसाला दोन दोन असायचे, म्हणून गाडीत कायम एक धुतलेला शर्ट जादा. मेलेल्या माणसाबद्दल दोन वाक्यं बोलायचा, तिसऱ्या वाक्याला दिल्लीत पोचायचा.

"आज आपले बाबा गेले. बाबांनी जन्मभर कांदा पिकवला. आन् दिल्लीनं काय केलं? निर्यात बंद केली!"

निर्यातीवरून गडी बिबट्यावर. बिबट्याच्या नसबंदीचा कागद दिल्लीत कसा अडकलाय, हे तो असं रंगवायचा की सुतकातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा तर सगळं बोलून खाली बसला आणि मेलेल्याचं नाव घ्यायचंच राहिलं. शेजारच्यानं कोपर मारलं तसा परत उठला. "दोनच मिनिटं घेतो."

मी तोंडाचा फटकळ. एकदा सरळ म्हणालो, "भाऊ, तुमची सभा भरवायला माणसानं मरायचं का?"

तो हसला. "आण्णा, जित्या माणसाच्या दारात एवढी माणसं गोळा व्हतात का? मग बोलू कुठं?"



माझ्या बायकोला मात्र तो आवडायचा. तिच्या हातची मासवडी दोनदा मागून घ्यायचा, त्यामुळं असेल. तो ताटावर बसला की तिचा एकच तगादा. "आमाला दिल्ली नको भाऊ. मोटारीची लाईट तेवढी दिवसाची करून द्या. ह्यो म्हातारा रात्रीचा उसात पाणी द्यायला जातो आन् मी उंबऱ्यात बसून ऱ्हाते. बिबट्या काय वय इचारून धरतो व्हय?"

"करतो मावशी." तिथल्या तिथं वीज ऑफिसात फोन लावायचा, स्पीकरवर. साहेब मीटिंगमध्ये असायचे. आमच्या घरातून फोन गेला की साहेब मीटिंगमध्येच.

गेल्या वर्षी ती गेली. बिबट्यानं नाही, तापानं. चार दिवसांत. उंबरा आहे तिथंच आहे. मी तिकडं बघत नाही.

दहाव्याच्या सकाळी घाटावर मी त्याला गाठलं. "आज कांदा नाय. बिबट्या नाय. भाषण केलंत तर माईक नदीत टाकीन."

त्यानं मान खाली घातली. "नाय करत, आण्णा."

पिंड ठेवले. कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एक उतरेल तर शप्पथ. लेकीनं सांगितलं, माहेर तोडणार नाही. पोरानं हात जोडले, आण्णाला अंतर देणार नाही. छे. ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले. तेव्हा हा चप्पल काढून पुढं आला. माईक नाही, दोन बोटं नाहीत. पिंडापुढं उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "मावशी, दिवसाची लाईट आणतो."

कावळा हलला नाही.

मागून कुणीतरी बोललं, "पुढाऱ्याचं आश्वासन हाय राव, कावळ्याला बी पटंना!"

घाट फुटला हसून. मीही हसलो, आता काय लपवायचं, बायकोच्या दहाव्याला हसलो. तो एकटा हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

मग मी म्हणालो, "अगं, न्हाई जाणार मी रात्रीचा उसात. वाळला तर वाळू दे."

कावळा उतरला.

त्या साली माझा अर्धा ऊस वाळला. शब्द मोडला नाही. तो पुढं निवडणुकीत पडला. आता दहाव्याला येतो तो मागं, चपलांच्या ढिगापाशी बसतो. माईकवरून त्याचं नाव कुणी पुकारत नाही. मला मात्र आठवड्याला फोन यायचा. "आण्णा, आज बी वीज ऑफिसात बसलो व्हतो. सायेब मीटिंगमधून कधीतरी भाईर येईलच की."

परवा सकाळी नऊला फोन. मागं भोंग्यावर दुसराच कुणी पुढारी कांद्यावर बोलत होता, म्हणजे हा कुठल्यातरी दहाव्यात.

"आण्णा, मोटारीपाशी जा. बटन दाबा."

"आत्ता? सकाळच्या पारी?"

"दाबा तर."

दाबलं. मोटार घुरघुरली, पाईप थरथरला आणि पाणी धाडकन पाटात पडलं. चकाकणारं. वाहत्या पाण्यावर ऊन मी किती वर्षांनी बघितलं. घराकडं तोंड करून हाक मारायला गेलो, आणि तोंड तसंच मिटलं.

फोन चालूच होता.

"आण्णा," तो हळू आवाजात विचारत होता, "तिथं आसपास कावळा हाय का, बघा की."

मी बांधावर बघितलं. विहिरीच्या काठावर बघितलं. पाण्यामागनं चार बगळे चालले होते. कावळ्याचं पीससुद्धा नव्हतं.

कुणाचं मन राखायला मी जन्मात कधी खोटं बोललो नव्हतो.

"हाय," मी म्हणालो. "खाली उतरलाय."