रुमालाखालचा सौदा

त्या साहेबाचा हात मला अजून आठवतो. मऊ, गार, एसीत बसून बसून कोरडा पडलेला. साताऱ्याला हायवेलगतच्या एका हॉटेलात टीव्ही कंपनीने डीलरांना जेवायला बोलावलं होतं. तिथे मी त्याच्या हातावर माझा रुमाल टाकला आणि खाली त्याची बोटं धरली. तो हसला. मला वाटलं, सौदा झाला.

हे रुमालाचं प्रकरण आधी सांगायला हवं. आम्ही म्हसवडकडचे, मेंढरं राखणारे. वडील बाजारात मेंढरं विकायचे तेव्हा भाव तोंडाने बोलायचे नाहीत. घेणाऱ्याच्या हातावर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. शेकड्यात की हजारात, तेवढं आधी बोलून घ्यायचं. खेटून उभ्या असलेल्या माणसालाही कळप केवढ्याला गेला ते कळायचं नाही. आणि हात दिला की दिला. कागद नाही, सही नाही.

एखादं गिऱ्हाईक पहिल्याच भावाला हो म्हणालं, तर वडिलांचा चेहरा उतरायचा. आई म्हणायची, "आवं, मागितलं तेवढं मिळालं की. मग तोंड का पाडलंय?"

"घासाघीस न्हाई केली त्यानं," ते म्हणायचे. "त्यो काय परत येत न्हाई."

मी सांगलीला आलो तो टीव्हीची खोकी वाहायला. ज्याच्या दुकानात वाहिली तो मला 'ए' म्हणून हाक मारायचा. बारा वर्षांनी त्याच रस्त्यावर, त्याच्या समोरच्या बाजूला मी माझं दुकान टाकलं. कुणाची भागीदारी नाही, सासऱ्याचा पैसा नाही. मागच्या बाजूला एक खोली केली, भिंतींना गडद रंग दिला, एक सोफा ठेवला आणि तिथे फक्त महागडा टीव्ही लावला. लोकांना मी त्यात रंग दाखवत नसे, अंधार दाखवायचो. स्वस्त टीव्हीत काळा रंग राखाडी दिसतो, चांगल्या टीव्हीत काळा काळाच राहतो. दार लावून घ्यायचं, रानातल्या काळोखाचं एखादं दृश्य लावायचं आणि आपण गप्प बसायचं. गिऱ्हाईक आपणच पुढे सरकून बसायचं.

असे टीव्ही घेणारे माझे लोक म्हणजे विटा-आटपाडीकडचे गलाईवाले. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. गावच्या यात्रेला, लग्नाकार्याला परत येणारे. एका भावाने किती दिले ते दुसऱ्याला कळू नये, अशी त्यांची इच्छा. माझ्या रुमालाला मग काउंटरवर जागा मिळाली. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच सगळ्यात कमी लागला. मी तसं वाटू दिलं. "मला परवडत नाही हो," असं म्हणत म्हणत मी वीस वर्षं नफा मिळवला. हे आता लपवण्यात अर्थ नाही.

यातले एक म्हातारे गलाईवाले, त्यांना मी मामा म्हणायचो. नात्याने कुणी नाहीत. पण त्यांच्या एका शब्दावर अर्धं गाव माझ्या दुकानात येत होतं. भाव करताना मला शिव्या द्यायचे. "चोरा, मेंढरांबरोबर तुलाबी इकायला पायजे हुतं तुझ्या बापानं." मी एक बोट वाढवायचो, ते माझं बोट पिरगाळायचे. अर्धा तास चालायचं. मग चहा.

तर सातारा. कंपनीचा सगळ्यात भारी टीव्ही नवा आला होता. साहेब म्हणाला, गोदाम भरून घ्या, भाव कमी करतो. मी म्हणालो, भाव मी सांगणार, आणि हा माल सांगली-मिरजेत माझ्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. रुमाल टाकला. उघड उघड जास्तीची कपात मागितली, म्हणजे तो ओढेल, मी सोडेन, मधे कुठेतरी येऊ. त्याने बोटं दाबली. दिलं. बाकीचे डीलर ताटं घेऊन बघत होते आणि माझी छाती फुगली होती.

घरी बायकोला सांगितलं. ती आमच्याच भागातली, मेंढरांच्या बाजारात वाढलेली. तिने भाकरी थापता थापता विचारलं, "लगेच व्हय म्हणला?"

"मग? माझ्यासमोर कोण टिकतंय?"

"नुसतं इचारलं," ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. माझ्या आनंदावर पाणी टाकायची तिला सवयच आहे, असं काहीतरी बोललो.

दसऱ्याच्या आधी मामांनी चार टीव्ही सांगून ठेवले. एक मुलीच्या लग्नानिमित्त स्वतःच्या घरी आणि तीन भावांच्या घरांसाठी. चारही वाड्या-बंगल्यांत एकदम नवे. त्या चारांच्या मागून गाव येणार हे मला माहीत होतं. गोदाम त्याच हिशेबाने भरलं होतं.

आणि त्याच आठवड्यात मिरज रस्त्यावरच्या मार्टात तोच टीव्ही आला. मार्ट म्हणजे तूरडाळ, साबण, बादल्या स्वस्तात मिळण्याची जागा. मी बघायला गेलो. कपडे धुण्याच्या पावडरीच्या पोत्यांशेजारी माझ्या टीव्हीची खोकी एकावर एक रचलेली. वर पिवळा पुठ्ठा, त्यावर हातभर आकड्यात भाव. माझ्या खरेदीपेक्षा कमी. एक टीव्ही चालू ठेवला होता, ट्यूबलाइटच्या झगझगाटात, काच पुसलेली नाही. त्यात काळा रंग राखाडी दिसत होता.

काउंटरवरच्या मुलीला मी काय विचारावं? सवयीने तोंडातून गेलं, "शेवटचं किती?"

"काका, बोर्डावर आहे तेच," ती म्हणाली. मागच्या बाईला वाट करून द्या, असं हाताने सुचवलं. बाईच्या ट्रॉलीत गुळाची ढेप होती.

तिथेच उभं राहून मी साहेबाला फोन लावला. मोठ्याने बोलत होतो, लोक बघत होते, वॉचमन जवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, हात दिला होता तुम्ही."

"कसला हात?"

"रुमालाखाली. साताऱ्याला."

तो हसला. "शेठ, मला वाटलं ती तुमच्याकडची गंमत आहे. ॲग्रीमेंट वाचा ना. त्यात असं कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. मी लिहून घ्यायला सांगितलंच नव्हतं. माझ्या डोक्यात आलंच नाही. फोनवर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ऐकून घेतलं नाही, मधेच फोन ठेवला. आजही तो समोर आला तर मी त्याचा हात धरीन, आणि रुमालाची गरज पडणार नाही.

चार दिवसांनी मामा दुकानात आले. सोफ्यावर बसले नाहीत. मी रुमाल उचलला तर म्हणाले, "ठेव त्यो. तोंडानं सांग भाव."

"मामा, मला खरंच परवडत नाही. त्यांचा भाव माझ्या खरेदीच्या खाली आहे."

"वीस वर्सं ह्येच सांगतोयस की रं."

मी कपाटातून कंपनीचं बिल काढून त्यांच्यापुढे ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला माझी खरेदी दाखवत होतो. त्यांनी खिशातून चष्मासुद्धा काढला नाही.

"कागद काय, कोणबी छापतंय," ते म्हणाले. "भावाभावांत इचारलं आमी. थोरल्याला दिलास, धाकट्याला दिलास, मला दिलास. समद्यांस्नी येगळा भाव लावलास. पिवळ्या पुठ्ठ्यानं समद्यांस्नी एकच सांगितला." आणि गेले. पायरीवर थांबतील असं मला वाटलं होतं. ते थांबायचे. ती त्यांची पद्धत होती. दोनदा जायचे, तिसऱ्यांदा घ्यायचे. मी दारापर्यंत गेलोही.

लग्नाच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. चारही टीव्ही मार्टातून घेतले होते. पण भिंतीवर बसवायला मार्टाचा माणूस आठ दिवसांनी येणार होता, आणि घर पाहुण्यांनी भरलं होतं. "तू येतोस का बसवायला?"

बायको म्हणाली, जाऊ नका. मी ड्रिल, ब्रॅकेट, पट्टी गाडीत टाकली आणि गेलो. मनात एकच होतं. तोंड दिसलं, चार शब्द झाले, मामा दोन शिव्या हासडतील, मग गाव तुटणार नाही. गोदामातला माल हळूहळू जाईल.

मुलीच्या खोलीतल्या भिंतीला मी स्वतः भोकं पाडली. वीस वर्षांत मी ड्रिल हातात धरलं नव्हतं. फिटर लावले होते. खोक्यावर अजून मार्टाचा पिवळा स्टिकर होता. टीव्ही लावला, खिडकी बंद करून त्यांना अंधार दाखवावा असं क्षणभर वाटलं. पण खोलीत मांडवाचे लाइट येत होते आणि सगळे घाईत होते. चारही घरं करायला दुपार गेली.

शेवटच्या घरी हात धुतले. मामा आणि त्यांचे तिघे भाऊ ओसरीवर बसले होते. मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"मजुरी सांग."

"राहू द्या मामा. मुलीच्या लग्नात काय घेऊ?"

"फुकाट नको. हजारात." टॉवेल माझ्या हातावर पडला. खाली त्यांचा हात आला, मला ओळखीचा, ॲसिडने चट्टे पडलेला.

मला एकदम हायसं वाटलं. आता ओढाताण होणार. मी मुद्दाम जास्तीचं मागितलं. लाज वाटेल इतकं. त्यांचा पंजा धरला, सोडला, पुन्हा धरला, म्हणजे दहा, आणि बोट पिरगाळलं जायची वाट पाहत राहिलो. हात हलला नाही.

"दिलं," मामा म्हणाले. टॉवेल खांद्यावर टाकला, खिशातून नोटा काढून मोजून दिल्या. भाऊ मांडवाकडे बघत होते. चहा आला नाही.

गाडी विट्याच्या बाहेर आली तेव्हा बायकोचा फोन आला.

"झालं का? किती दिलं?"

"मागितलं तेवढं," मी म्हणालो.

 ती म्हणाली, "या घरी."