बंदात अडकवलेला पाय

सोपानराव गेले असं श्रीरामपूरच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझा विश्वास बसला नाही. दुःखानं म्हणतात तसं नव्हे, खरंच बसला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या साहित्य संमेलनात त्यांनी नवोदितांच्या वाचनातून सुटण्यासाठी ‘अंथरुणाला खिळलोय’ असा निरोप पाठवला होता आणि स्वतः मांडवात शेवटच्या रांगेत टोपी घालून बसले होते. आपण नसताना आपल्याबद्दल कोण काय बोलतं ते त्यांना ऐकायचं होतं. त्यामुळे फोन ठेवल्यावरही मला वाटत राहिलं, हाही तसाच निरोप असेल. नव्हता...

आमची ओळख श्रीरामपूरच्या एका संमेलनातली. मी काष्टीहून आलेली शाळामास्तरीण, पर्समध्ये अर्धी कादंबरी. ते भिंगारचे, फोटोफ्रेमचं दुकान चालवणारे, शबनम पिशवीत बहुतेक पुरी कादंबरी. खुर्चीवर बसले की पिशवी पायाशी ठेवायची आणि तिच्या बंदात पाय अडकवायचा ही त्यांची पद्धत. कुणी ओढलीच तर आधी पाय ओढला जाईल. एकदा सूत्रसंचालकानं अचानक त्यांचं नाव पुकारलं, ते तसेच उठले आणि समोरच्या दोन खुर्च्या घेऊन आडवे झाले. मांडव हसला. मी हात दिला, तर उठता उठता माझ्याकडेच रोखून बघत हळूच म्हणाले, “पिशवी कुनी ओढली?” अशी आमची मैत्री सुरू झाली.

मीही काही कमी नव्हते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझी कादंबरी कुठवर आली असं त्यांनी विचारलं की मी दरवेळी ‘चाललंय’ एवढंच सांगायची. हा माणूस इतकं का विचारतो? संमेलनाला येणारे आम्ही सगळे असेच. पुस्तक एकाचंही नाही आणि चोरीची धास्ती प्रत्येकाला. श्रीरामपूरचे निवृत्त गुरुजी तेवढे मोकळे, कारण ते कविता करायचे आणि कविता कोण चोरतंय, असं स्वतःच म्हणायचे.

अशा माणसानं मला आपल्या कादंबरीचा शेवट सांगितला, याचं मला अजून नवल वाटतं. दुपारचा परिसंवाद रटाळ चालला होता, निम्मा मांडव जेवायला गेला होता. त्यांनी मागेपुढे पाहिलं आणि सांगू लागले. नवऱ्याचं घर सोडून गेलेली यमुना दोन वर्षांनी परत येते, दारापर्यंत येते, कडीला हात लावते आणि तशीच माघारी फिरते... सांगून झाल्यावर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते. “पटलं का?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “कुनाला सांगू नका. फकस्त तुमाला सांगितलंय.” त्या ‘फकस्त’वर मी पुढे बरेच दिवस मिरवले, अर्थात मनातल्या मनात.

तेरावं झाल्यावर गुरुजी आणि मी भिंगारला वहिनींना भेटायला गेलो. हार घातलेल्या फोटोची फ्रेम सोपानरावांच्याच दुकानातली होती. कादंबरी छापायची आहे, पण शेवटचं प्रकरणच लिहिलेलं नाही, असं वहिनींनी सांगितलं. मी लगेच म्हणाले, शेवट मला माहीत आहे, यमुना माघारी जाते. गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, ताई, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. यमुना आत येते, राहते, संसार करते. त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, असंही गुरुजी म्हणाले. आम्ही एकमेकांकडे असे बघत होतो, जणू दोघांपैकी एकानं आत्ताच खिसा कापला होता. म्हणजे शेवट फुटलाच, तर कुणाकडून फुटला हे ओळखण्यासाठी त्यांनी खुणेचे शेवट वाटले होते तर! मला मेलेल्या माणसाचा राग आला आणि मी तसं बोलूनही गेले.

वहिनी आमचं ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “चोर धरायला न्हाई सांगितलं. संमेलनावरनं आले की मला सांगायचे, कोनाला कोनता शेवट पटला. तुमच्या डोळ्यांत पानी आलं हुतं म्हने. पन ते मांडवातल्या धुळीनं असंल, असं बी म्हनले.” फोटोकडे बघत त्या पुढे बोलल्या. “मी गेल्ते माहेरी. दोन वर्सं. मग आले. का आले, ते त्यांनी एकदा बी इचारलं न्हाई. तुमाला इचारत फिरले.”

मला विचारायचं होतं, का आलात वहिनी? पण त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं आणि मी ओळखलं की मला त्या ते कधीच सांगणार नाहीत. सांगितलं तर उद्या माझ्या कादंबरीत सापडेल, ही त्यांची शंका चुकीचीही नव्हती. गुरुजींनी तेवढ्यात मधेच विचारलं, मग कादंबरीचं काय करायचं?

“शेवट मला ठावं हाय की,” वहिनी म्हणाल्या. “पन ज्याला ऐकायचा हुता, त्यो गेला.”

निघताना त्यांनी सोपानरावांची शबनम माझ्या हातात दिली. द्यायच्या आधी माझ्यासमोर उलटी करून झटकली, आत काही राहिलं नाही हे दोघींनीही पाहून घेतलं. मलाच का दिली, यावर मी काष्टीपर्यंत एसटीत विचार करत आले. अजूनही करते. संध्याकाळी लिहायला बसते तेव्हा ती टेबलाखाली असते आणि माझा पाय न सांगता तिच्या बंदात जातो. बाहेरच्या खोलीत आमचे हे पेपर वाचत असतात. मी काय लिहिते ते यांनी कधी विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. परवा मनात आलं, उठावं आणि यांनाच विचारावं, माझ्या शेवटाचं काय करू... उठायला गेले, तर पाय बंदात अडकलेला होता.