गास्पारचं ताट कोणत्या तळ्याकडे

इने रोव्हिना चढाला लागली की बरोबरच्यांनी गप्पा आवरत्या घ्याव्यात. तिच्यामागे चालायचं आणि बोलायचंही, एवढा दम आमच्यात कुणाकडे नाही. सत्तरीची बाई, सगळं गाव तिला इने, म्हणजे आई, म्हणतं; पायात रबरी चपला, गालात विडा, पाठीवर केळीच्या पानात बांधलेलं मुलाचं जेवण. आणि आम्ही तिच्याहून वीस-वीस वर्षांनी लहान असून धापा टाकत मागे.

आमच्या विणकाम गटात आम्ही आठ जणी. कॉफी वाळवून झाली की वर्षातून एक दिवस माग गुंडाळून ठेवायचे आणि केलिमुटूच्या डोंगरावर चालत जायचं, असं आमचं ठरलेलं. रस्त्याने गाड्या जातात, पण आम्ही पायवाटेनं जातो. वर आपापल्या मेलेल्या माणसांना जेवू घालायचं, मग आपण जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं.

वर तळी तीन. एक म्हाताऱ्यांचं, एक तरुणांचं आणि एक वाईट चालीच्या लोकांचं. मेलेला माणूस आधी वाटेवरच्या राखणदाराला, कोंडेला, आपलं नाव सांगतो. मग वय आणि करणी पाहून त्याला त्याच्या तळ्यात धाडलं जातं. त्याला जेवू घालायचं तर त्याच तळ्याकडे तोंड करून ताट ठेवायला हवं. चुकीच्या तळ्याकडे ठेवलं तर भलताच कुणीतरी खाऊन ढेकर देणार आणि आपलं माणूस उपाशी राहणार.

यंदा इने रोव्हिनाला आपल्या मुलासाठी, गास्पारसाठी, पहिलं ताट ठेवायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून तो समुद्रापलीकडे साबाच्या पाम मळ्यात गेला आणि चोवीस वर्षांनी तिथेच तापानं मेला. पुरलाही तिथेच. म्हणजे मेला तेव्हा त्रेचाळीसचा. आता हा तरुणांत धरायचा की म्हाताऱ्यांत?

इनेनं निकाल कधीच देऊन टाकला होता. "त्याचं लग्न झालं नव्हतं. बिनलग्नाचा तो पोरच. तरुणांच्या तळ्यात जाणार."

खरं कारण गावाला ठाऊक होतं. म्हाताऱ्यांच्या तळ्यात गास्पारचा बाप, दामियान, होता. दामियाननं मुलासाठी मामेबहीण ठरवली, मुलगा नाही म्हणाला, तेव्हा त्यानं इनेच्या मागावरची सूत ठोकायची लाकडी फळी ओढून काढली आणि पोराच्या पाठीवर मोडली. दुसऱ्या दिवशी पोरगा एंदेच्या बंदरातून पसार झाला. बाप पुढे सहा वर्षं जगला, पण मुलाचं नाव त्यानं घेतलं नाही आणि दुसऱ्या कुणाला घेऊ दिलं नाही. नवी फळी मात्र त्यानंच तासून दिली. इने त्याच फळीनं आजवर विणते आहे. चांगली फळी आहे, उगाच कशाला नावं ठेवायची? पण त्या दोघांना मेल्यावर एकाच पाण्यात ढकलायचं, हे काही तिच्या मनाला पटत नव्हतं.

ह्या वर्षी आमच्याबरोबर एक पुरुषही होता. नार्दुस. साबाच्या मळ्यात अकरा वर्षं गास्पारच्या शेजारच्या खोलीत राहिलेला, महिन्यापूर्वीच गावी परतलेला. येतो म्हणाला, म्हणून त्याच्या डोक्यावर भाताचं पातेलं दिलं.

"पुरुष माणूस बरोबर असला की किती बरं वाटतं," डोल्फिना म्हणाली. आमच्या गटात सगळ्यात तिखट जीभ हिची. "निदान ओझ्याला तरी."

नार्दुस हसला नाही. सकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. मला वाटलं, दारू प्यायलाय.

कोंडेच्या दगडाशी आम्ही सुपारी ठेवली, एक सिगारेट ठेवली आणि आपापली नावं सांगितली. इनेनं मुलाचंही नाव सांगितलं. "गास्पार. लांबून आलाय. वाट चुकला असेल तर दाखवा." एवढंच बोलली आणि पुढे निघाली.

पायऱ्या संपून वर पोचलो, तर ढग इतका दाट की तिन्ही तळी गायब. डोल्फिना कठड्याला टेकून म्हणाली, "मला कुठेही टाका बाई. वाईटांच्या तळ्यात टाकलंत तरी चालेल. माझे दोन्ही दीर तिथेच असतील, ओळखीपाळखी आहेत."

"तुला तिथेसुद्धा घेणार नाहीत," मी म्हटलं.

"का?"

"ते बिचारे आता कुठे शांत झालेत."

ढग फाटला. एका बाजूला जोडीनं असलेली दोन तळी दिसली, तरुणांचं आणि वाईटांचं. इने उठली, तरुणांच्या तळ्याच्या बाजूला गेली, पान सोडलं. भात, डुकराच्या मांसाचा तुकडा, उकडलेला कंद, सुपारी. ती हाक मारणार इतक्यात नार्दुसनं पातेलं दाणकन खाली ठेवलं.

"इने, थांब. तिथे नको ठेवूस."

"का रे?"

"उपाशी राहील तो." नार्दुसच्या कपाळावर घाम होता. "तो तिथे नाहीये. त्याला बायको होती. तिमोरची. दोन पोरं आहेत. मोठा नववीत आहे."

महिनाभर हा मनुष्य रोज इनेच्या ओसरीवर बसून कॉफी प्यायला आणि ह्यानं हे पोटात ठेवलं! मला असा संताप आला की तेच पातेलं ह्याच्या डोक्यात घालावं.

"आत्ता सांगतोस?" मी ओरडले. "मूग गिळून बसला होतास?"

"कसं सांगू? पहिल्याच दिवशी म्हणाली, माझा पोरगा बिनलग्नाचा गेला. मग धीरच झाला नाही."

डोल्फिना इनेच्या मदतीला धावली. "अगं पण मुलीकडे सोनं पोचलं का? डुकरं दिली का? नेसायचे विणलेले सरोंग आले का तिच्या घरून? काहीच देणंघेणं नाही, मग लग्न कसलं? ह्याला काही लग्न म्हणत नाहीत."

"बरोबर," इने म्हणाली. "देणंघेणं झालं नाही, तर लग्नही झालं नाही. पोरच तो." पण ती पानाजवळून हलली नाही आणि हाकही मारेना. मग नार्दुसकडे न बघता तिनं विचारलं, "चांगली होती का ती?"

"चांगली होती. आहे. शेवटी उचलबांगडी करून तिनंच त्याला दवाखान्यात नेला. गास्पार जायला तयार नव्हता. म्हणे, आधी माझा चष्मा शोध."

"कसला चष्मा?"

"वाचायचा. त्याला जवळचं दिसत नव्हतं. मळ्यातल्या पावत्या हात लांब करून वाचायचा, आम्ही हसायचो. मग चष्मा घेतला."

इने वळली. "गास्पारला? चष्मा?"

"हो."

"आणि केस?"

"केस कुठले, इने? पुढून सगळे गेले होते. मागे होते ते पांढरे. थेट दामियानबाबांसारखा दिसायचा."

इने खाली बसली. रडली नाही. चोवीस वर्षं तिच्या डोळ्यांपुढे पाठीवर वळ घेऊन पायवाटेनं उतरणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याला आता कुणीतरी टक्कल लावत होतं, चष्मा लावत होतं. ती बघत होती खाली पाण्याकडे, पण ते पाणी तिला दिसत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. गेले नाही. अशा वेळी माणसाला मोकळं सोडावं.

मग तिनं विचारलं, "पोरांना मारायचा का?"

"नाही."

"खरं सांग. मेलेल्याची लाज राखू नकोस."

"एकदाही नाही, इने. मोठ्या पोरानं एकदा बापाच्या कामाचे पैसे उडवले. मीच म्हटलं, दोन ठेवून दे. तर म्हणाला, मला हात उचलता येत नाही, उचलला की पाठ दुखते."

डोल्फिनानं सरोंगाचं टोक तोंडाला लावलं.

इने उठली. पान दोन्ही हातांनी उचललं. वाऱ्यानं भात उडू नये म्हणून पोटाशी धरलं आणि आमच्यामधून वाट काढत पलीकडे, म्हाताऱ्यांच्या तळ्याच्या बाजूला गेली. तिकडे अजून ढग होता, पाणी दिसत नव्हतं. तिनं पान दगडावर ठेवलं, कडांवर चार खडे ठेवले आणि ढगाकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात, घरात बोलावं तसं बोलली.

"अहो, ऐकलंत का? गास्पार येतोय. त्याला टक्कल पडलंय, पटकन ओळखायचे नाहीत तुम्ही. दोन पोरांचा बाप आहे तो आता. तो आपणहून बोलणार नाही. तुम्हीच आधी बोला."

मग म्हणाली, "आणि ताट एकच आणलंय मी. दोघं मिळून जेवा."