कुणाचं काम हाय?

बारामतीतलं पहिलं ट्रॅक्टरचं दुकान माझ्या आजोबांनी काढलं, मग नगरपालिकाही आमच्या घरात आली. शहर वाढलं, तरी नव्या दुकानाचा नारळ फोडायला आमच्यातलाच कुणीतरी लागतो. डेअरीची पदवी घेऊन मी सहा वर्षं नारळच फोडत होतो.

शेवटी एमआयडीसीतल्या एका डेअरीत दूध तपासायची जागा निघाली. घरी न सांगता मी मुलाखतीच्या रांगेत बसलो. शेजारी पळसदेवची एक मुलगी होती. मला बघताच मुलाखत घेणारे साहेब धावत बाहेर आले, आत नेऊन चहा मागवला.

"नुसता फोन करायचा, दादा. कुणाचं काम हाय?"

"माझंच. मुलाखतीला आलोय."

ते पोट धरून हसले. मी पुढं केलेली फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "चेष्टा पुरे. नाव सांगा."

माझं डोकं सणकलं. पण तोंडातून एवढंच निघालं, "बाहेर पळसदेवची मुलगी बसलीय."

दहा मिनिटांत तिची नोकरी पक्की झाली. बाहेर येऊन तिनं मला हात जोडले.

"तुमचं बरं हाय, दादा. तुमाला असं कुणाच्या दारात बसावं लागत न्हाय."