बिनचासीची गाडी

ती गाडी मला आजही नंबरासकट आठवते. नंबर इथे सांगणार नाही, नावही कोणाचं घेणार नाही. चूक कोणाची होती ते मात्र सांगणार, कारण पहिली चूक माझीच होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबागकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. रोज मोर्चे, रोज धरपकड. अशातच एका सकाळी परळच्या एका गॅरेजातून वर्दी आली. दुरुस्तीसाठी उचललेली मोटार कलंडून, चाकाशी मदतीला बसलेल्या मालकाच्या ड्रायव्हरचा पाय चिरडला होता.

मी पोहोचलो तोवर ड्रायव्हरला इस्पितळात हलवलं होतं. मोटार विलायती, बरीच वर्षं वापरलेली. मालक, एक बडा शेठ, तिथेच उभा होता. "मिस्त्रीने चासी सोडून भलतीकडे टेकू दिला. मुद्दाम! माझा ड्रायव्हर हरताळातही गाडी काढतो, त्याचा राग आहे त्याला," असं तो तावातावाने सांगू लागला. मिस्त्री चळवळीतला आहे हे आम्हालाही ठाऊक होतं. मी पंचनाम्यात लिहून टाकलं, 'टेकू चासीस न लावता पत्र्यास लावलेला आढळला.' गाडीखाली वाकून बघायची तसदी घेतली नाही. मिस्त्रीला उचलला आणि कोठडीत टाकला.

दुपारी जबाब घ्यायला बसलो. पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस तसंच. पंचनामा वाचून दाखवला तर हा गडी चक्क हसला. मला राग आला.

"हसतोस काय?"

"ह्या गाडीला चासीच नाय, साहेब."

"म्हणजे?"

"लॉरीला असते तशी खाली लोखंडी चौकट नाय हिला. तळ न् अंग सगळं एकच, पत्रा जोडून केलेलं. म्हणून कुठंबी जॅक लावून चालत नाय. दरवाज्याखाली लांब पोकळ पाटा असतो, त्याच्यात चाकाजवळ जाड केलेली जागा असते. मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढनं जॅकवर उचलली, आन् त्या जागेखाली दोन्हीकडे घोड्या, म्हंजे लोखंडी टेकू, दिल्या. जॅकच्या भरवशावर मी कधी गाडीखाली जात नाय."

"मग पडली कशी?"

"तेच मला कळंना. पाटा ठोकून बघितला होता. आवाज भरीव आला." आणि पुढे म्हणाला, "पाडायचीच असती तर काढलेलं चाक खाली आडवं कशाला ठेवलं असतं? त्या चाकावर गाडी अडली, म्हणून ड्रायव्हर जिवंत हाय."

चाक मी पाहिलं होतं. नोंदवलं नव्हतं. हे लिहिताना आजही कानकोंडं वाटतं.

संध्याकाळी शीव कोळीवाड्याची एक बाई मासळीची रिकामी पाटी घेऊन ठाण्यात आली. ड्रायव्हरची बायको. म्हणाली, "सायेब, शेठ इस्पितलात येऊन बसलाय, माझ्या दादल्याला बोलू देत नाय. त्यानं माझ्या कानात सांगितलंय, डाव्या पाट्याचा रंग खरवडून बघा. मिस्त्रीचा काय बी गुन्हा नाय." नोकरीचं काय, असं मी विचारलं. "पाय गेला, आता नोकरी घेऊन काय करायची?" एवढं म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे पंच घेऊन गॅरेजात गेलो. मिस्त्रीलाही नेला. त्याने कोयता पकडावा तसा स्क्रू-ड्रायव्हर धरून रंग खरवडला. रंगाखाली भोकं बुजवायची लांबी, लांबीखाली गंजाचा भुगा, आणि त्याच्या आत कोंबलेली लाकडी फळी! म्हणून आवाज भरीव. घोडीचं डोकं ती फळी फोडून थेट आत घुसलं होतं. मग मी स्वतः इस्पितळात जाऊन, शेठला बाहेर काढून, ड्रायव्हरचा जबाब घेतला. पाटा सडल्याचं शेठला आधीच्या कारागिराने बजावलं होतं. गाडी विकायची म्हणून शेठने तो नुसता बुजवून घेतला, आणि ड्रायव्हरला गप्प राहायला सांगितलं.

वरिष्ठांना हे पसंत पडलं नाही. "परवा मोर्चा आहे. मिस्त्री आत आहे तो आतच राहू दे. पहिला पंचनामा चांगला आहे, तुझ्याच अक्षरातला."

"म्हणूनच तो चुकीचा आहे हे मीच लिहिणार, साहेब. मोर्च्यात घोषणा देताना सापडला तर परवा पुन्हा पकडीन. या गुन्ह्यात नाही."

"बदली होईल."

"होऊ द्या."

झाली. आठवड्याच्या आत. पण तोवर दुसरा पंचनामा पहिल्याला जोडून कोर्टात गेला होता, 'या गाडीस चासी नाही' या ओळीसकट. मिस्त्री सुटला आणि खटल्याची पाळी शेठवर आली. त्या बदलीचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच लिहीन.

सोडताना मिस्त्रीची सही घेतली. त्याने हात पुसून पेन उचललं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आम्ही गाडी उचलायच्या आधी खाली वाकून बघतो, साहेब. तुम्ही माणूस उचलता."

ठाण्यात सगळे ऐकत होते. मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. पुढे नोकरीत शेकडो माणसं उचलली, पण त्याआधी प्रत्येक वेळी खाली वाकलो.