पाळी येईपर्यंत

दादासो फौजेतून परत आला तो एकच विद्या घेऊन. राग गिळायची. शिकवणारा मिरजेचा शांतवन, त्याच्याच तुकडीतला ख्रिस्ती गडी. "आपल्या हातात काय हाय आन् काय न्हाई, एवढं रोज सांजेला निवडायचं," तो म्हणायचा. जुन्या काळी रोममध्ये एक लंगडा गुलाम हेच सांगायचा, आणि ख्रिस्ताचा एक शिष्य बेड्यांतही समाधानी होता, हेही दादासोला त्याच्याकडूनच कळलं. इस्लामपूरजवळच्या गावात लोक दादासोला चेष्टेनं 'फादर' म्हणत. तो हसून घेई.

यंदा मात्र त्याचा कस लागला. उसाला तुरे आले, वजन घटू लागलं, तरी साखर कारखान्याकडून तोडणीची पाळी काही येईना. जळका ऊस कारखान्याला पाळी मोडून आधी उचलावा लागतो, म्हणून धीर सुटलेले लोक आपल्याच फडाला काडी लावतात. शालूबाईनं काडेपेटी नवऱ्यापुढं आपटली.

"आवं, समदी लावत्यात. तुमचं समाधान काय चुलीत घालू?"

"पाळी आपल्या हातात न्हाई. काडी हाय. म्हणून ती लावायची न्हाई."

बोलला खरा, पण त्याच्याही जिवाला घोर लागला होता. फडाकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावर उभा असताना शेजारच्या पृथ्वीराजच्या फडातून धूर उठला. त्या पठ्ठ्यानं आपला ऊस पेटवला होता, वाऱ्याचा अंदाज न घेताच. वारा थेट दादासोच्या फडाकडे होता. एक हाक मारली असती, तर विहिरीवरची माणसं धावून आली असती. दादासोनं तोंड उघडलं आणि मिटलं. बघता बघता आग बांध ओलांडून आली.

दोनच दिवसांत दोन्ही फडांत तोडणीची टोळी शिरली. शालूबाईचा चेहरा उजळला. आता फादर पृथ्वीराजला तुडवणार, या आशेनं निम्मं गाव बांधावर जमलं. पृथ्वीराज सगळ्यांदेखत येऊन पायाशी वाकला.

"दादा, दुसरा असता तर मला उभा चिरला असता. तुमी देवमाणूस हायसा."

दादासोनं पाय मागं घेतले. त्याला स्वतःची शिसारी आली होती.

"पाया पडू नगंस रं. मी हितंच हुतो. धूर दिसला, वारं कळलं, तरी वरडलो न्हाई." त्यानं पृथ्वीराजला दंडाला धरून उभं केलं. "ऊस पेटल्यावर मला बरं वाटलं."