पुस्तकाची पलीकडची बाजू

दुपारचं जेवण उरकलं की उजागरे सर आरामखुर्चीत टेकतात. पंखा एका लयीत किरकिरायला लागतो आणि डोळ्यांवर हळूहळू झापड येते. झोप अजून लागलेली नाही, पण घर जरा लांब गेलं आहे. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी मार्थाबाई घासलेली पातेली उपडी घालताहेत, आणि तो आवाज नगरच्या या घरातला नसून दुसऱ्याच कुठल्या अंगणातला वाटतो.

मांडीवर लिहायचं पॅड आहे. पॅडवर कोरा कागद, आणि त्याखाली झांबियाहून आलेलं पत्र.

"अकरा दिवस झाले बरं का," मार्थाबाई आतूनच म्हणतात. "जन्मभर पोरांना निबंध शिकवलेत, आणि स्वतःला दोन ओळी सुचेनात?"

"सुचतात गं. सुचतात त्या लिहवत नाहीत."

पत्र चिसोमो नावाच्या बाईचं आहे. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी सर जिथं शिकवायला गेले होते, त्याच शाळेत ती आता शिक्षिका आहे. तिची आई तियामिके मागच्या पावसाळ्यात वारली. ऑगस्टात आईच्या कबरीवर बसवलेल्या नावाच्या दगडावरचं कापड काढायचं आहे. त्या दिवशी गेलेल्या माणसाविषयी चार माणसं उभी राहून बोलतात, अशी तिकडची रीत. चिसोमोनं लिहिलं आहे: आई शाळेत कशी होती हे सांगणारं इथं आता कुणी उरलेलं नाही. आई तुमचं नाव घ्यायची. दोन ओळी पाठवा, मी मोठ्यानं वाचून दाखवीन.

आई तुमचं नाव घ्यायची. या ओळीपाशी सर अकरा दिवस अडून बसले आहेत. नाव घ्यायची, पण कशासाठी?

पंख्याची किरकिर आता रातकिड्यांची झाली आहे. पायाखालची फरशी कधी संपली कळत नाही. तांबडी माती लागते, उन्हानं तापलेली, आणि वर आंब्याचं झाड. झाडाखाली शाळा भरली आहे. एकशे दहा मुलं. आठ-आठ मुलांचा एक गोल, प्रत्येक गोलाच्या मधे जमिनीवर एक पुस्तक. आठांत एकच पुस्तक, हे सर विसरलेले नाहीत. फळा झाडाला टेकून उभा आहे आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात तारीख आहे, फक्त तारीख वाचता येत नाही.

वाटेनं कुणीतरी येतं आहे. दहा वर्षांची मुलगी आहे. जवळ आली की पन्नाशीची बाई वाटते, डोकं वळवलं की पुन्हा दहा वर्षांची. गुडघे किंचित वाकवून ती उभी राहते, तिकडे मोठ्यांपुढं राहतात तशी.

"तियामिके," सर म्हणतात.

"उशीर झाला, सर."

"अगं, उशीर कसला! आठ मैल चालत येतेस तू."

"उशीर तुम्हाला झालाय, सर."

ती मराठीत बोलते आहे याचं सरांना नवल वाटत नाही. नवल वाटतं ते तिच्या आवाजात राग नाही याचं.

"बसा," ती म्हणते.

सर जागा शोधतात. पुस्तकाच्या अलीकडची जागा लवकर आलेल्या मुलांनी केव्हाच धरली आहे, बाजूच्याही भरल्या आहेत. मोकळी जागा एकच, पुस्तकाच्या पलीकडे, पानाच्या डोक्याशी. गुडघे कुरकुरतात, तरी सर मांडी घालून बसतात. समोरची सगळी अक्षरं डोक्यावर उभी आहेत.

तियामिके वाळलेल्या गवताची एक काडी घेते. ओळीखाली धरायला इथली मुलं काडीच वापरतात, बोटानं पान मळतं म्हणून.

"वाचा."

"पण हे उलटं आहे."

"उलटं नाही, सर. तुमची जागाच ती आहे."

मुलं खिदळतात. मागून कुणीतरी ओरडतं, "सरांना वाचता येत नाही!" दुसरा म्हणतो, "यांना पुन्हा पहिलीत घाला!"

सर ओशाळून पुस्तक फिरवायला हात पुढं करतात, आणि तेवढ्यात आंब्याच्या झाडाचं टेबल बनतं.

टेबल त्यांचंच आहे. चौथीची परीक्षा. पाचवीत जागा चाळीस आणि मुलं एकशे दहा, म्हणून एकेकाला बोलावून वाचन ऐकायचं. सर शाळेत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत. टेबलापलीकडे तियामिके उभी आहे, वेणीतून मातीचा वास येतो आहे. सर पुस्तक तिच्या हातात देतात. ती ते घेते, उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून, मोठ्यांकडून घेतात तसं. मग ती पुस्तक उलटं फिरवते.

"सरळ धर," टेबलामागचा तरुण उजागरे म्हणतो आणि तिच्या हातातलं पुस्तक सरळ करतो.

ती पुन्हा हळूच उलटं करते.

"चेष्टा करतेस? सरळ धर म्हटलं ना?"

आता पुस्तक सरळ आहे. ती पानाकडे बघते आहे. ओठ हलतात, शब्द येत नाही. तरुण उजागरे तिच्या नावापुढं काट मारायला पेन उचलतो. म्हातारे उजागरे त्याचा हात धरायला जातात, पण हातात येते ती मार्थाबाईंची कढई.

कढई चुलीवर आहे, चूल रस्त्याच्या कडेला. तियामिके गुलगुल्यांसारखे पिठाचे गोळे तळते आहे. पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेली. मागं तीच शाळा दिसते, तिच्या दारात नगरच्या घराची तुळई आणि भिंतीवरचं दिनदर्शिकेचं पान.

"मी सगळ्यांत लांबून यायचे," ती तळता तळता सांगते. "चार वर्षं मला पलीकडचीच जागा मिळाली. मला वाटायचं, अक्षरं अशीच असतात."

"मला कळलं होतं," सर म्हणतात. हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. मार्थाबाईंपुढंसुद्धा नाही.

"कधी?"

"दोन महिन्यांनी. तू विहिरीपाशी धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवत होतीस. पुस्तक त्याच्या बाजूनं सरळ होतं. तू समोर बसून वाचत होतीस. अडखळत नव्हतीस."

"मग?"

तेलात गोळा उलटतो.

"मग, सर?"

"निकाल जिल्ह्याला गेला होता. चाळीस नावं लागली होती. माझा करार अजून पक्का व्हायचा होता... नवा मास्तर, परदेशातला. चूक झाली म्हणून सांगायला गेलो असतो तर..." ते मान हलवतात. "तर काहीही झालं नसतं कदाचित. मी गेलोच नाही."

"तुमची सायकल रोज विहिरीवरून जायची."

"हो."

"मग तुम्ही रस्ता बदललात."

पुढं पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं. न येणाऱ्या मुलाशेजारी तासन्‌तास बसले, कधी कुणावर आवाज चढवला नाही. लोक म्हणायचे, उजागरे सरांसारखा धीर कुणात नाही. त्या धीराची मुळं कुठल्या विहिरीपाशी होती, हे लोकांना काय माहीत!

"मला माफ करशील?"

"आता माझ्याकडं मागून काय उपयोग, सर?" ती हसते, दात दिसतात, एक पडलेला. "मी आता माफी दिली तरी ती तुम्हीच स्वतःला दिलेली. पत्र माझ्या लेकीनं पाठवलंय."

"मग माझं नाव का घ्यायचीस तू?"

ती चुलीपुढून उठते आणि पुन्हा झाडाखाली आहे, पुन्हा दहा वर्षांची. मुलं कुठंच नाहीत. फक्त पुस्तक आहे आणि त्याच्या दोन बाजूंना ती दोघं.

"त्या दिवशी विहिरीपाशी तुम्ही सायकल थांबवलीत. मी मान वर केली नाही, पण चाक दिसत होतं. अख्खं पान संपेपर्यंत तुम्ही ऐकलंत. गावात सगळे म्हणायचे, तियामिकेला वाचता येत नाही, म्हणून तिला काढलं. आईही म्हणायची. येतं हे ठाऊक असलेलं मोठं माणूस एकच होतं."

सरांना रातकिडे ऐकू येईनासे होतात.

"लेकीला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना मी तिला सांगितलं, उजागरे सर म्हणून होते, आईला वाचता येत होतं का ते त्यांना विचार. तेवढं सांगा, सर. दुसरं काही नको."

ती गवताची काडी ओळीखाली ठेवते. "आता वाचा. घाई करू नका."

घाई करू नका! हे तर त्यांचंच वाक्य, पुढच्या सगळ्या वर्षांतलं. सर मान वाकवतात. पहिलं अक्षर डोक्यावर उभं आहे. ते त्याच्याकडे बघत राहतात. ती वाट बघते. खूप वेळ वाट बघते. मग एक शब्द उलटा असतानाच ओळखीचा होतो, त्याला लागून दुसरा.

"शेळी... टेकडीवर..."

"हं," ती म्हणते. "पुढं."

"चहा ठेवू का?"

मार्थाबाई दारात उभ्या आहेत. पंखा किरकिरतो आहे. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं आहे, चार वाजत आले असावेत. सर डोळे पुसतात.

"आणि हे काय?" मार्थाबाई वाकून पॅडकडे बघतात. "आत्ता तर झाडून घेतलं मी सगळं. हे गवत कुठून आलं?"

कोऱ्या कागदावर एक वाळलेली काडी आडवी पडली आहे. वितीएवढी, पिवळट, एका टोकाला तांबडी माती लागलेली. कागदावर जिथं पहिली ओळ यायची, बरोबर तिच्याखाली.

मार्थाबाई ती उचलायला हात लावतात.

"राहू दे," सर म्हणतात. "तू जरा बस इथं. तुला एक सांगायचं राहिलंय. ऐकलंस की मग चहा ठेव."

त्या पदराला हात पुसत समोरच्या खुर्चीवर बसतात. सर आधी पेन उघडतात. काडी तशीच ठेवून तिच्यावर, सावकाश, फळ्यावर लिहीत तशा मोठ्या अक्षरात पहिली ओळ लिहितात:

तियामिकेला वाचता येत होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.